गुरुपुष्यावर लावलेला लॅपटॉप

अखिलशेठला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, ही बातमी जळगावात पहिल्यांदा पसरवली ती खुद्द अखिलशेठनेच. पुढे ती इतकी मुरली की त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसला. पुरावा म्हणाल तर एकच. दुकानातला प्रिंटर बंद पडला होता, आणि रिपेअरवाला यायच्या आत अखिलने त्यात कागद भरला तर तो सुरू झाला. तेव्हापासून मेहरूण भागातल्या त्याच्या घरात वायफायपासून रिमोटपर्यंत जे बिघडेल ते त्याच्याकडे जायचं. आणि त्याच्याकडून जे परत यायचं, ते विधी, म्हणजे त्याची बायको, पिशवीत घालून गुपचूप बाजारातून दुरुस्त करून आणायची. नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणजे बाईला इतकं करावंच लागतं.

धंदा शेतीपंपांच्या सुट्या भागांचा. पण गिऱ्हाईकाला वॉशर दाखवता दाखवता हा माणूस रॅम आणि प्रोसेसरवर घसरायचा. रिपेअरवाल्यांवर तर त्याचा खास राग. "त्यांना येतं काय? फॉरमॅट मारायचा आणि मोकळं व्हायचं," हे तो भर बाजारात, त्यांच्या देखत बोलायचा. एकाही दुकानदाराला त्याने सोडलं नव्हतं. हे पुढे त्याला भोवलं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

त्याचा दुसरा राग चौघडियावर. वडील गौतमचंद, ज्यांना घरीदारी सगळे बाबूजी म्हणत, त्यांचं चौघडियाशिवाय पान हलत नसे. दिवसाचे आठ तुकडे, प्रत्येकाला नाव. शुभ, लाभ, अमृत चांगले. रोग, उद्वेग, काळ वाईट. चल प्रवासाला बरा. दुकानाचं शटर शुभात उघडायचं, गाडी लाभात घ्यायची. एकदा नवा फ्रिज भलत्याच वेळी येऊन पडला, तर चांगला चौघडिया लागेपर्यंत तो बिचारा जळगावच्या उन्हात खोक्यासकट ओट्यावर बसून होता. अखिल यावर हसायचा, आणि चारचौघांत हसायचा. "बाबूजी, घड्याळाला कुठे कळतं कोणती वेळ चांगली ते?" बाबूजी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसत. अखिलला वाटायचं, जिंकलो.

तर अशा या विद्वानाच्या हाती त्याच्या मुलीचा लॅपटॉप लागला.

चेलना धुळ्याला देवपुरात राहून समाजकार्याचं शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष. वर्षभर ती बाजारात भाजी विकणाऱ्या बायांच्या शेजारी गोणपाटावर बसली आणि त्यांच्या तोंडून त्यांचं जगणं रेकॉर्ड करून घेतलं. ते आवाज, फोटो, सगळं लिखाण त्या लॅपटॉपमध्ये होतं. सोमवारी कॉलेजात तोंडी परीक्षा होती, बाहेरून परीक्षक यायचे होते. आणि त्या बायांपैकी पारोळ्याची ताईबाई त्या दिवशी भाजीची पाटी न लावता धुळ्याला येणार होती. "मना आवाज मोठा लोके ऐकतीन, मंग माले बी ऐकू दे," असं तिनेच सांगून ठेवलं होतं, आणि चेलनाने तिला शब्द दिला होता.

लॅपटॉप मात्र म्हातारा. बॅटरी मेलेली, चार्जर लावल्याशिवाय डोळा उघडत नसे. सुरू करून आंघोळीला जावं, येऊन केस विंचरावेत, तरी पडद्यावर चक्री फिरतेच आहे. त्यात ही जुनी सिस्टीम आता आम्ही सांभाळणार नाही, अशी पाटी रोज यायची. चेलना गुरुवारी दोन कपडे आणि तो लॅपटॉप घेऊन घरी आली, आणि अखिलचे हात शिवशिवायला लागले.

"फुकटातली एक नवी सिस्टीम आहे. टाकतो. वाऱ्यासारखा पळेल."

"परीक्षा झाल्यावर टाका ना पप्पा. माझं सगळं त्यातच आहे."

"तुझं सामान वेगळ्या कप्प्यात आहे, त्याला मी हातही लावणार नाही. घराला रंग देताना कुणी तिजोरी फोडतं का?"

बाबूजी झोपाळ्यावर होते. ते म्हणाले, "टाकायचीच तर आज टाक. आज गुरुपुष्य आहे. चांगलं काम आज सुरू करावं." आता ज्याला गुरुपुष्य म्हणजे सोन्याच्या दुकानातली गर्दी एवढंच ठाऊक असल्याचं सोंग करायचं होतं, तो ऐकतोय थोडाच. "बाबूजी, इंटरनेटला गुरुपुष्य लागत नाही," असं म्हणून तो दुकानात निघून गेला. मग शुक्रवार गिऱ्हाइकीत गेला आणि शनिवार उजाडला.

शनिवारी इंटरनेट रांगत होतं. सिस्टीम उतरवून घ्यायलाच दुपार झाली. ती चढवायला पेनड्राइव्ह हवा होता, तर टेबलाच्या खणात एक सापडला. त्यात काहीतरी होतं, ते पुसून त्याने तो कोरा केला. मग लाइट गेले. लाइट आले तेव्हा ऊन कललं होतं. गच्चीलगतच्या खोलीत बनियनवर बसून, घाम टिपत, एकेक पायरी वाचत अखिलने सिस्टीम चढवली. खालून बाबूजींचा आवाज आला, "अखिल, काळ लागलाय. आता नवं काही सुरू करू नकोस."

"पाच मिनिटांत घेऊन येतो खाली," अखिल वरून ओरडला. त्याच वेळी पडद्यावर अक्षरं आली, काम पूर्ण झालं, आता लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

आणि इथे आपल्या शूरवीराचं बोट अडलं.

खोलीत कुणी नव्हतं. हसायला समोर बाबूजी नव्हते, हसण्याला दाद द्यायला दुकानातली मंडळी नव्हती. होता फक्त मुलीचा लॅपटॉप, आणि त्यात तिचं अख्खं वर्ष. शनिवारचा शेवटचा चौघडिया काळ, हे त्याला पंचांगात बघावं लागलं नाही. लहानपणी पाढ्यांच्या आधी तेच कानावर पडलं होतं. आपला विश्वास नाही, हे त्याने स्वतःला एकदा सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. पण विषाची परीक्षा घ्या कशाला? तासभर थांबला असता तर काळ टळला असता. पण खाली पाच मिनिटं कबूल केलेली, आणि उशीर का झाला म्हणून बाबूजींनी विचारलं असतं तर सांगणार काय?

तेव्हा त्याला युक्ती सुचली. अखिलला युक्ती सुचली की विधी देवापुढे दिवा लावायची, पण ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. लॅपटॉप सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, आणि लॅपटॉपच्या पोटातलं घड्याळ तिथे असतं. अखिलने ते घड्याळ मागे नेलं, थेट गुरुवारच्या सकाळवर. सिस्टीम टाकली गेली असेल काळात, पण पहिल्यांदा डोळे उघडेल ती गुरुपुष्यावर. देवालाही फसवलं आणि बापालाही, आणि कुणाला पत्ता नाही. तो स्वतःवर इतका खूश झाला की जिना उतरताना शीळ घालत होता.

खाली सगळे जमले होते. अखिलने चार्जर लावला, सदऱ्याची बाही सावरली आणि बटण दाबलं. काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी उमटल्या आणि लॅपटॉप तिथेच उभा राहिला, अडलेल्या बैलासारखा.

"हे असंच असतं का?" विधीने विचारलं.

"पहिल्यांदा वेळ लागतो."

चहा झाला. कप विसळून पालथे घालून झाले. चार ओळी जागच्या हलल्या नाहीत. अखिलने बटण दाबून बंद केला, सुरू केला. बॅटरी काढून फुंकली, परत बसवली. पेनड्राइव्ह घातला, काढला. पुन्हा त्याच चार ओळी. ओळींचा अर्थ वाचावा हे त्याच्या मनात आलं नाही, कारण सूचना वाचणं हे न येणाऱ्यांचं काम, असं त्याचं मत होतं.

"पप्पा," चेलना शांतपणे म्हणाली, "काही झालंच तर माझ्याकडे एक कॉपी आहे. टेबलाच्या खणात पेनड्राइव्ह ठेवलाय बघा."

अखिलने हातातल्या पेनड्राइव्हकडे पाहिलं. चेलनानेही पाहिलं. ती खाली बसली. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जळगावात रिपेअरची दुकानं थोडी का आहेत, पण अखिलला तोंड कुठे होतं? एकेकाला नावं ठेवून झालेली. याला बगलेत लॅपटॉप मारून येताना पाहिलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. म्हणून त्याने जाहीर केलं, की चेलनाला जायचंच आहे तर लॅपटॉप धुळ्यालाच दाखवू, तिकडे माणसं हुशार आहेत. खरं म्हणजे तिकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"मीही येतो," बाबूजी म्हणाले. "उद्या पोरीची परीक्षा बघतो. चल चौघडियात निघू."

या वेळी अखिल हसला नाही. चल लागायच्या आधीच तो गाडी काढून उभा होता.

मागच्या सीटवर बाबूजी, पुढे चेलना. एरंडोल गेलं. चेलना मोबाइलवर काढलेला त्या चार ओळींचा फोटो मोठा करून करून वाचत होती. कालपासून त्या ओळी वाचणारी ती पहिलीच. पारोळा जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, यात लिहिलंय की डिस्कवरची शेवटची नोंद भविष्यातल्या तारखेची आहे. म्हणून लॅपटॉप पुढे जायला तयार नाही. भविष्यातली नोंद कशी असेल?"

अखिलने गरज नसताना गियर बदलला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सिस्टीम चढली शनिवारी. घड्याळ दाखवतंय गुरुवार. लॅपटॉप बिचारा विचारतोय, गुरुवारी माझ्या अंगावर शनिवारचं लिखाण आलं कुठून? यंत्रच ते, त्याला गुरुपुष्य काय कळणार. चौघडियाला हसणाऱ्या माणसाने चौघडियापायीच मुलीचं वर्ष अडकवून ठेवलं होतं.

सांगायचं असतं तर तिथेच सांगता आलं असतं. पण आरशात बाबूजींचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले, हात मांडीवर. ज्यांना वर्षानुवर्षं खिजवलं त्यांच्यासमोर हे सांगायचं? त्यापेक्षा लॅपटॉप खड्ड्यात गेलेला बरा.

"मशीन आहे. काहीही बोलतं," तो म्हणाला. मनात हिशेब चालू होता, दुकानात चार्जर लागला की सगळ्यांची नजर चुकवून घड्याळ पुढे करायचं आणि बोंबलायचं, झालं झालं, मीच केलं. लाज जाते, पण खोड जात नाही माणसाची.

देवपुरात किरणचं रिपेअरचं दुकान कॉलेजातल्या पोरांमुळे रविवारीही उघडं असायचं. किरण आडवातिडवा गडी, बोलणं फटकळ. त्याने लॅपटॉप घेतला आणि काउंटरच्या आपल्या बाजूला ठेवला.

"मी जरा बघू का?" अखिलने हात पुढे केला.

"तुम्ही बघितला म्हणूनच इकडे आला ना शेठ? हात मागं ठेवा."

चार्जर लागला. चार ओळी आल्या. किरणनेही त्या वाचल्या नाहीत. त्या एका बाबतीत तो आणि अखिल सख्खे भाऊ होते. "बठ्ठं खोलनं पडी," तो म्हणाला. "सगळं सुटं करून डिस्क बाहेर काढतो, त्यातला माल उतरवून घेतो. ठेवून जा, बुधवारी या."

"परीक्षा उद्या आहे," चेलना म्हणाली.

"मग माझा इलाज नाही ताई. सिस्टीम टाकल्यावर कुणी काही छेडछाड केली का?"

"नाही," अखिल म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला की किरणने मान वर करून पाहिलं.

"पप्पांनी सगळं नीटच केलं होतं," चेलना म्हणाली. "लॅपटॉपच जुना झालाय माझा. त्यांची काही चूक नाही."

खोटं सांगायला येत नाही त्या मुलीला. तिला खरंच तसं वाटत होतं. पेनड्राइव्ह पुसला, लॅपटॉप घालवला, तरी बापाची बाजू घेऊन उभी. अखिलला काउंटरच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याला त्या तोंडाची शिसारी आली.

किरणने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. चेलनाने फोन लावला. "ताईबाईला सांगते, येऊ नको म्हणून. उगाच बाजार बुडवून इथवर येईल आणि ऐकायला काहीच नसेल." फोन कानाला लावताना तिचा आवाज कापला. काल संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

"ठेव तो फोन," अखिल म्हणाला.

"का?"

"ठेव म्हणतो ना. किरणभाऊ, तुम्हीही तो स्क्रू-ड्रायव्हर ठेवा." मग तो बाबूजींकडे न बघता, काउंटरवर ठेवलेल्या डिंकाच्या बाटलीशी बोलल्यासारखा बोलला. "लॅपटॉपला काही झालेलं नाही. त्याची तारीख मी मागे केलीय. सिस्टीम काळात पूर्ण झाली. मला भीती वाटली. म्हणून सुरू करायच्या आधी घड्याळ गुरुवारवर नेलं. गुरुपुष्यावर."

 मग किरणच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि तो हसत सुटला. "घड्याळ मांगे करेल शे? आणि मी आता बठ्ठा खोलणार होतो." त्याने डोळे पुसले, बटण दाबून निळा पडदा आणला, तारीख रविवारवर आणली. लॅपटॉप कुरकुरला, आपलं आपण काहीतरी तपासत बसला, आणि मग पडदा उजळला. चेलनाने पुढे होऊन तो दुसरा कप्पा उघडला. सगळं जागच्या जागी होतं. तिने पहिलंच रेकॉर्डिंग लावलं आणि त्या दुकानात ताईबाईचा खणखणीत आवाज आला, "मनं नाव ताईबाई शे. बठ्ठा दिन ऊनमा बठस, भाजी इकस."

चेलना रडली. मग रडता रडता बापाच्या दंडावर एक गुद्दा मारला, चांगला जोरात. अखिलने तो खाल्ला. अजून दोन मारले असते तरी त्याची तक्रार नव्हती.

बाबूजी स्टुलावर बसलेले तसेच बसून होते. अखिल वाट बघत होता. आता म्हणतील, घड्याळाला कुठे कळतं म्हणत होतास ना? म्हणोत. आपण ऐकून घेऊ. पण बाबूजींनी वेगळंच विचारलं.

"गुरुवारचा कोणता लावलास?"

"शुभ. सकाळचा पहिला."

"पंचांगात बघितलंस?"

"नाही."

"पाठ आहे?"

"पाठ आहे, बाबूजी. सातही वारांचे."

बाबूजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. या वेळी अखिलने नीट पाहिलं. काच स्वच्छच होती. आजवर जेव्हा जेव्हा आपण जिंकलो असं वाटलं, तेव्हाही ती स्वच्छच असेल, हे त्याला आत्ता कळलं.

सोमवारी कॉलेजच्या व्हरांड्यात बाबूजी आणि अखिल बाकावर बसले होते. ताईबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर नीट करत चेलनाच्या मागे आत गेली. परीक्षक उशिरा आले होते, त्यामुळे सगळंच लांबलं. अखिलने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सोमवार, आणि ही वेळ. रोग लागलेला. त्याने हळूच बाजूला पाहिलं. बाबूजीही त्याच घड्याळाकडे बघत होते. त्यांना तर कळलं असणारच.

शिपाई दार लावायला आला. अजूनही उठून सांगता आलं असतं, थोडं थांबा म्हणून. एरवी बाबूजींनी सांगितलं असतं, आणि एरवी अखिल लाजेने मेला असता. आज तोच उठायच्या बेतात होता. बाबूजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस. तिची तयारी झालीय," ते म्हणाले. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

दार लागलं. थोड्या वेळाने आतून ताईबाईचा आवाज आला, आधी लॅपटॉपमधला, आणि मग तिचा स्वतःचा, त्याहून मोठा. बाकावर दोघं मान खाली घालून ऐकत राहिले.